अंगण नव्यानं करताना : स्टॅम्प काँक्रीटविषयी थोडं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सी विंगमधील एका सदस्येने केलेल्या भाषणाचा मजकूर. येत्या सर्वसाधारण सभेतील आवाराच्या ठरावाआधी तो सर्वांच्या वाचनात यावा, म्हणून स्मरणिकेत देत आहोत. – संपादक मंडळ)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल आधी सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. समितीनं मला सांगितलं, की बांधकामातल्या एखाद्या विषयावर बोला, पण सगळ्यांना कळेल असं बोला. विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. गेले दोन महिने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक तरी फोटो येतोय. कुणाच्या तरी बंगल्याचं अंगण, दगडी फरशीसारखं दिसणारं, चकचकीत. आणि खाली प्रश्न ठरलेला : "आपल्याकडे असं का करत नाही?"

येत्या सभेत आवाराच्या कामाचा ठराव येणार आहे. काम करायला हवं, यावर कुणाचं दुमत नाही. शहाबादी फरशी जागोजागी उखडली आहे. बी विंगच्या दारात पावसाळाभर डबकं असतं. मागच्या दोन पावसाळ्यांत तिथे तीन ज्येष्ठ मंडळी घसरली. त्यातल्या एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं, त्या अजून वॉकर घेऊन चालतात. आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. तेव्हा हा विषय निव्वळ शोभेचा नाही, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवावं.

माझ्याबद्दल थोडं सांगते. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी एकतीस वर्षं साइटवर सुपरवायझर म्हणून काम केलं. शेवटची बरीच वर्षं बाहेरचीच कामं होती : आतले रस्ते, पार्किंग, बंगल्यांची आवारं. आता निवृत्त आहे. कुणाचं कोटेशन पर्समध्ये घेऊन आलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

मला सांगायचं आहे ते एवढंच. स्टॅम्प काँक्रीटची सगळी शोभा वरच्या तीन-चार मिलिमीटरमध्ये असते. ते टिकणार की नाही, हे ठरतं खालच्या फूट-दीड फुटात आणि ओतल्यानंतरच्या काही तासांत. आपण फोटो बघून वरच्या चार मिलिमीटरवर चर्चा करतोय. आज जरा खाली बघू.

हे नेमकं असतं काय?

साधं काँक्रीट ओतायचं. ते ओलं असताना वर रंगाची भुकटी पसरून घोटायची. मग रबरासारखे लवचिक साचे वर ठेवून दाबायचे, की दगडाचा, विटांचा किंवा लाकडी फळ्यांचा ठसा उठतो. झालं. आपल्याकडे कोबा करायचे, त्याचंच हे नटलेलं भावंड म्हणा.

ही पद्धत अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात ब्रॅड बोमन नावाच्या गृहस्थांनी ती रूढ केली. त्यांच्या नावावरूनच 'बोमानाइट' हे नाव आलं. सुरुवातीचे साचे लाकडाचे आणि धातूचे होते, त्यांनी फक्त रेघा उमटत. पुढे पॉलियुरेथेनचे हलके साचे आले आणि खऱ्या दगडाचा खडबडीत पोतही काँक्रीटवर उतरायला लागला. आता आपल्याकडेही रिसॉर्टमध्ये, बंगल्यांच्या आवारात, काही फूटपाथवर हे काम दिसतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. दिसायला ते सुट्या दगडांसारखं असलं, तरी ती एक अखंड लादी आहे. त्याचे फायदे-तोटे दोन्ही त्यातूनच येतात. फरशी डुगडुगत नाही, सांध्यांतून गवत आणि मुंग्या येत नाहीत, झाडायला सोपं. पण एकदा केलं की उचलून परत बसवता येत नाही. पेव्हर ब्लॉक, ज्यांना आपले मिस्त्री गट्टू म्हणतात, ते काढून खालचा पाइप दुरुस्त करून पुन्हा लावता येतात. स्टॅम्प काँक्रीट फोडावं लागतं. आणि फोडलेल्या जागी नवीन काँक्रीट घातलं की रंग जुन्याशी जुळत नाही. साडीला ठिगळ लावल्यासारखं कायम दिसत राहतं.

आधी जमिनीखालचं

आपल्या इमारती उभ्या आहेत तिथे पूर्वी शेत होतं. खाली काळी माती आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही सांगायला नको. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर दर वर्षी तेही तिच्याबरोबर वर-खाली होणार. म्हणून निदान फूटभर काळी माती काढून तिथे मुरूम भरायचा. एकदम ओतायचा नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलरनं किंवा कॉम्पॅक्टरनं दाबायचा. त्यावर दगडाचं सोलिंग, त्याच्या फटी मुरमानं भरलेल्या. आणि मग काँक्रीट.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. पंचवीस वर्षांत आवार कितीदा खणलं गेलं? गॅसची लाइन आली तेव्हा खणलं, केबलसाठी खणलं, ड्रेनेज तुंबलं तेव्हा खणलं. प्रत्येक वेळी चर नुसता माती लोटून बुजवला. ती भरलेली माती अजून पोकळ असते. नव्या लादीला पहिली भेग अशा जुन्या चरावरच जाते. हे चर शोधून, उकरून, पुन्हा नीट दाबून भरायला हवेत.

आणि खणायचंच आहे, तर जुने ड्रेनेजचे पाइप आधी बदला. चिनी मातीचे पाइप पंचवीस वर्षं चालले, त्यांना आता निरोप द्यायला हरकत नाही. लादीखालून चार इंची रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. उद्या कुणाला विजेच्या गाडीच्या चार्जिंगची केबल न्यायची असेल, सीसीटीव्हीची न्यायची असेल, तर लादी फोडावी लागणार नाही. एकूण खर्चात हे पाइप कुठे लपतात तेही कळत नाही.

जाडीचं म्हणाल तर फक्त माणसं चालणार असतील तिथे चार इंच पुरतात. मोटारींसाठी पाच-सहा हवेत. पण आपल्याकडे टँकर येतो. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, गाडीचं वजन वेगळं. वेळप्रसंगी अग्निशमन दलाची गाडीही आत आली पाहिजे. चार इंची नक्षीदार लादीवर हे वजन रोज नाचवलं तर काय होईल, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालतात. जाळीनं भेग थांबत नाही, पडलेली भेग रुंद होत नाही. त्यासाठी जाळी लादीच्या वरच्या भागात, कव्हर ब्लॉकवर उचलून धरलेली हवी. बऱ्याच साइटवर ती जमिनीवर अंथरतात आणि म्हणतात, "ओतताना वर ओढून घेऊ." कुणी ओढत नाही. ओतायच्या आधी खाली जाऊन बघा. जाळी जमिनीला टेकलेली दिसली तर काम थांबवा.

ओतायचा दिवस

हे काम सकाळी लवकर सुरू व्हायला हवं. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात तर नावच काढू नका. तयार काँक्रीटची गाडी आली की मजुरांना ते पसरायला जड जातं आणि कुणीतरी पाइप धरून ड्रममध्ये पाणी सोडायला सांगतो. तिथे एक माणूस उभा ठेवा. जास्तीचं पाणी पडलं की काँक्रीट कमजोर होतं, आणि एका गाडीत पाणी जास्त, दुसऱ्या गाडीत कमी असलं तर रंगातही फरक दिसतो.

काँक्रीट पाट्यानं सारखं केलं की वर पाणी सुटतं. ते जिरेपर्यंत किंवा उडून जाईपर्यंत थांबायचं. मग रंगाची भुकटी, म्हणजे कलर हार्डनर. हा नुसता रंग नसतो. त्यात सिमेंट आणि बारीक कठीण खडी असते, त्यामुळे वरचा थर टणक होतो. साधारण दोन तृतीयांश आधी पसरून घोटायची आणि उरलेली नंतर, राहिलेल्या जागा बघून. एका चौरस मीटरला तीनेक किलो लागते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता येते खरी परीक्षा. शंकरपाळ्यांवर कातणं फिरवताना पीठ सैल असलं तर चिकटतं आणि वाळलं तर कडा फुटतात. इथेही तसंच. अंगठा दाबून बघायचा. ठसा स्वच्छ उमटला, तीन ते सहा मिलिमीटर खोल गेला आणि बोटाला काँक्रीट चिकटलं नाही, की सुरुवात करायची. साचा चिकटू नये म्हणून आधी वर रिलीज पावडर उधळतात. ही पावडर मूळ रंगापेक्षा गडद असते. ती खाचांत थोडी उरते, म्हणून काम जुन्या दगडासारखं दिसतं. मग एका कडेनं दोरी धरून साचे मांडायचे, त्यांच्यावर उभं राहून धुमशानं ठोकायचे, उचलायचे, पुढे न्यायचे. रुंदीभर एक ओळ आणि वर दोन-तीन एवढे साचे असले तर टोळी न अडखळता पुढे सरकते. चार साच्यांवर काम उरकायला निघालेला माणूस पुढच्या टोकाला पोचेपर्यंत काँक्रीट आवळलेलं असतं.

मी उपनगरातल्या एका साइटवर होते, तेव्हा शेजारच्या बंगल्यात हे काम चाललं होतं. एप्रिल महिना. गाडी उशिरा आली, ओतायला अकरा वाजले, वर सावली नाही. अर्ध्या अंगणावर ठसे सुंदर उठले. उरलेल्या अर्ध्यात पोरं साच्यांवर उड्या मारत होती, तरी नुसत्या रेघा उमटल्या, पोत उठलाच नाही. मालकांनी पैसे पूर्ण मोजले होते. आजही त्या अंगणात मधोमध सरळ सीमारेषा दिसते. कंत्राटदार वाईट होता असं नाही, त्याची कामं इतरत्र चांगली आहेत. गाडी परत पाठवायची हिंमत त्या सकाळी कुणी केली नाही. म्हणून करारातच लिहा : सकाळी अमुक वाजल्यानंतर आलेली गाडी घेतली जाणार नाही, वर कापडी मांडव बांधलेला असेल, आणि पहिल्या दिवशी तीन-चारशे चौरस फुटांपेक्षा जास्त ओतायचं नाही.

काम करणाऱ्यांकडेही लक्ष द्या. ओलं सिमेंट कातडी भाजतं आणि ही भुकटी नाकातोंडात जाते. गमबूट, हातमोजे, मास्क यांची तरतूद कंत्राटदाराकडून लिहून घ्या. आपल्या दारात काम करणारा माणूस उघड्या पायांनी काँक्रीटमध्ये उभा राहू नये.

भेगा, पाणी आणि सीलर

काँक्रीट सुकताना आक्रसतं, म्हणजे भेग जाणार. ती कुठे जावी, एवढं आपल्या हातात असतं. त्यासाठी कटरनं सरळ खाचा मारतात. चार इंची लादीला दर आठ-दहा फुटांवर, निदान एक इंच खोल, आणि त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आठवड्यानं खाचा मारून उपयोग नाही, तोवर भेगेनं स्वतःचा रस्ता शोधलेला असतो. खांब, भिंत आणि चेंबर यांच्याभोवती थर्मोकोलसारखी पट्टी घालून लादी सुटी ठेवायची. खाच नक्षीच्या रेघेतून नेली तर नजरेला खुपत नाही.

पुढे क्युअरिंग. आयएस ४५६ हे आपलं काँक्रीटचं भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस सांगतं. बाजारात आज जे सिमेंट मिळतं त्यात राखमिश्रितच जास्त, म्हणून आपण दहा धरू. पण रंगीत लादीवर ओलं गोणपाट टाकलं किंवा पाणी साठवलं तर पांढुरके डाग पडतात. तिथे रंगाला चालेल असं क्युअरिंगचं द्रावण फवारतात. ते कुठलं आणि कधी, हे आधीच विचारा. लादीवर चालायला दोन दिवसांनी हरकत नाही. मोटार मात्र अठ्ठावीस दिवस नको, असं माझं मत. मग तेवढे दिवस गाड्या कुठे लावायच्या? म्हणून काम टप्प्याटप्प्यानं करावं लागेल, आणि शेजारच्या गल्लीतल्या लोकांशी आधी गोडीनं बोलून ठेवावं लागेल.

शेवटी सीलर. व्हॉट्सॲपवरच्या फोटोतली चकाकी ती हीच. सीलर रंग जपतो, तेलाचे डाग आत जाऊ देत नाही. पण जाड आणि चकचकीत सीलर पावसात घसरडा होतो. ज्या कारणासाठी आपण हे काम काढलं, तेच कारण पुन्हा दारात आणायचं का? आपण कमी चकाकीचा सीलर दोन पातळ हातांत मारावा आणि त्यात घसरण रोखणारी बारीक भुकटी मिसळावी. आणि हे एकदाच करून भागत नाही. दर दोन-तीन वर्षांनी सीलर पुन्हा मारावा लागतो. तो खर्च वार्षिक अंदाजपत्रकात आजच धरला नाही, तर पाचव्या वर्षी अंगण फिकं पडून शेवाळलेलं दिसेल.

आपलं राहणं आणि हे अंगण

परदेशातल्या बंगल्याच्या अंगणात गणपती बसत नाही. आपल्याकडे बसतो. मांडवाच्या बांबूंसाठी आपण दर वर्षी खड्डे खणतो. या लादीत ते चालणार नाही. म्हणून ओततानाच ठरलेल्या जागी पाइपचे तुकडे उभे पुरून त्यांना झाकणं लावायची. बांबू त्यात बसतील.

होळी लादीवर पेटवायची नाही. आचेनं काँक्रीटचे पापुद्रे उडतात. फटाक्यांच्या माळेचे काळे डाग सीलरवर कायमचे बसतात. ज्या स्कूटरमधून तेल गळतं, तिच्याखाली ट्रे ठेवायचा. आणि बायाबापड्यांनो, फरशी पांढरी करायला आपण जे ॲसिड ओततो, ते इथे बिलकुल नको. ॲसिड काँक्रीटच खातं. साधा साबण, पाणी आणि खराटा पुरतो. रांगोळी मात्र खुशाल काढा, तिचं या लादीशी छान जमतं.

नक्षी निवडताना कॅटलॉग घरी न्या, पण निवड आपल्या वॉकरवाल्या आजींच्या पायानं करा. ठसा जितका खोल, तितका फोटो चांगला येतो आणि तितकीच काठी अडकते. खोल रेघांची नक्षी टाळून उथळ, एकसंध पोत घ्यावा. व्हीलचेअर, बाळाची गाडी, भाजीची चाकांची पिशवी, सगळं त्यावरून सुरळीत जातं. आणि ढाळ. दर दहा फुटांना दोन इंच ढाळ असेल तर ठशांच्या खळग्यांत पाणी थांबत नाही. बी विंगच्या दारातलं डबकं ढाळ चुकल्यामुळे आहे. ढाळ तसाच ठेवून वर कितीही महागडी नक्षी केली, तर नक्षीदार डबकं होईल.

पाण्याचा हिशेब

आपलं मोकळं आवार अंदाजे दहा हजार चौरस फूट, म्हणजे ९३० चौरस मीटरच्या आसपास. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गुणाकार करा : साडेसहा लाख लिटर पाणी दर वर्षी या अंगणावर पडतं. दहा हजार लिटरचे पासष्ट टँकर झाले. ते सगळंच जमिनीत मुरत नाही, हे मान्य. पण सगळं आवार अखंड लादीनं झाकलं तर ते जवळजवळ सगळं गटारात जाईल, आणि एप्रिलमध्ये आपण टँकरवाल्याला फोन करू. तो करतोच म्हणा, पण निदान आपण होऊन त्याचा धंदा वाढवू नये.

झाडांचंही तेच. आपल्या गुलमोहराला आणि कडुनिंबाला बुंध्यापर्यंत काँक्रीट नको. निदान चार फूट माती मोकळी हवी. नाही तर मुळं पाण्यासाठी लादी उचलतील, आणि मग आपण झाडाला दोष देऊ.

म्हणून माझी सूचना

सगळ्या आवाराला एकच उत्तर नाही. मी तीन भाग सुचवते.

पहिला, फाटकापासून तिन्ही विंगच्या दारांपर्यंतची पाऊलवाट आणि कट्ट्याभोवतीची जागा. साधारण दीड हजार चौरस फूट. इथे स्टॅम्प काँक्रीट करावं. इथे माणसं चालतात, इथेच पडतात, आणि इथेच शोभाही दिसते.

दुसरा, टँकर आणि मोटारींचा रस्ता. इथे ८० मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक. आयएस १५६५८ या मानकाप्रमाणे एम-४० ताकदीचे मागा. खालचे बहुतेक पाइप याच पट्ट्यात आहेत, ते दुरुस्तीसाठी उघडता येतील.

तिसरा, झाडांभोवतीची आणि मागची जागा. ती मोकळी. तिथे पावसाचं पाणी मुरवणारा खड्डा, आणि होळीसाठी एक मातीचा चौक.

पैशांबद्दल एकच सांगते. सिंकिंग फंड इमारतीच्या जड दुरुस्तीसाठी असतो. अंगण नटवायला त्याला हात लावू नये. काय लागेल ते दुरुस्ती निधीतून किंवा सभेनं ठरवलेल्या वर्गणीतून व्हावं.

कोटेशन मागवताना चौरस फुटाचा दर एवढाच बघू नका. पुढच्या गोष्टी प्रत्येकाकडून लिहून घ्या :

१. माती किती काढणार, मुरूम किती इंच, किती थरांत दाबणार.

२. लादीची जाडी आणि काँक्रीटची प्रत. चालण्याच्या जागी चार इंच आणि एम-२५ असं मी म्हणेन.

३. रंगाची भुकटी चौरस मीटरला किती किलो. दीड हजार चौरस फूट म्हणजे १३९ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४२० किलो, पंचवीस किलोच्या सतरा पिशव्या. काम झाल्यावर रिकाम्या पिशव्या मोजा.

४. खाचा किती फुटांवर आणि ओतल्यापासून किती तासांत.

५. क्युअरिंग कशानं, सीलर कुठला, किती हात.

६. तीन फूट बाय तीन फूट नमुना आपल्याच आवारात करून दाखवणार का. त्यावर पाणी ओतून, चपला घालून चालून बघायचं, मग रंग ठरवायचा.

७. तीन-चार वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम दाखवणार का. नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं.

आणखी एक हिशेब खजिनदारांसाठी. दीड हजार चौरस फूट, चार इंच जाडी, म्हणजे चौदा घनमीटरच्या थोडं वर काँक्रीट. गाड्यांची चलनं जपून ठेवा. बेरीज नऊ-साडेनऊ घनमीटर आली, तर लादी अडीच-पावणेतीन इंचांचीच झाली आहे, हे न खणता कळेल.

देखरेखीसाठी समितीनं दोन-तीन जण नेमावेत. सकाळी सहाला खाली येऊ शकतील असे नेमा, एवढीच विनंती. मी येईनच, पण मी एकटी पुरणार नाही. दोरी धरायला, पिशव्या मोजायला, गाडीत पाणी घालू न द्यायला इंजिनिअरची गरज नसते. दहावी-बारावी झालेली आपली मुलं सुट्टीत हे छान करतील आणि चार गोष्टी शिकतील.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती, आणि जे तेव्हा चाळिशीत होते त्यांच्या हातात आता काठी आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्यातले बरेच जण काठीपर्यंत पोचतील, मीही त्यात आले. ठरावावर मत देताना प्रत्येकानं एवढंच डोळ्यांपुढे आणावं : पावसाळ्यातली संध्याकाळ, दिवे गेलेले, आणि आपण हातात पिशवी घेऊन फाटकापासून दारापर्यंत चालतोय. त्या वेळी पायाखाली जे हवं, ते सभेत मागा. रंग कुठलाही चालेल.

 कुणाला काही विचारायचं असेल तर चहाच्या वेळी जरूर विचारा.